तिची चांगली बाजू

सोमवार, ३

हिची डावीकडची अक्कलदाढ दुखते आहे. अर्धीच बाहेर आलेली ही दाढ इतकी वर्षं गुपचूप बसून होती. "उशिरा का होईना, अक्कल येतेय म्हणायची," असं मी म्हणालो. ही हसली नाही, म्हणजे खरंच दुखत असणार.

हिच्या नोकरीत दातांचा इलाज फुकट आहे. ही बसस्थानकात गाड्यांच्या घोषणा करते. माझा फोटो स्टुडिओ स्थानकाच्या अगदी समोर, त्यामुळे घरातून निघालेली बायको दिवसभर कर्ण्यातून माझ्या दुकानात येत असते. पूर्वी स्थानकाच्या मागच्या खोलीत महिन्यातून एकदा दातांचे डॉक्टर यायचे. ते बंद झालं. आता सगळं फोनवर. दाताचे फोटो पाठवायचे, प्रश्नांची उत्तरं भरायची, मग डॉक्टर तिकडून बघून रंग देतात. हिरवा म्हणजे घरीच सांभाळा. पिवळा म्हणजे व्हिडिओवर या. लाल म्हणजे शहरातल्या दवाखान्यात, खुर्चीवर. लाल आल्याशिवाय खुर्चीही नाही आणि रजाही नाही.

शेजारच्या घड्याळजींचा मुलगा बसवर चालक आहे, म्हणून त्यांनाही ही सोय मिळते. त्यांच्या कवळीखाली जखम झाली होती. त्यांनी फोटो पाठवला, डॉक्टरबाईंनी कवळीची कड लागते आहे म्हणून सांगितलं, आठवड्यात जखम बरी. "शहराची खेप वाचली, अख्खा दिवस वाचला," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असतात. त्यांनी फोटो मात्र कसला पाठवला होता! घशात बॅटरी मारून काढलेला, निम्मा काळा. आमच्याकडे ती अडचण नाही. फोटो म्हणजे घरचंच काम.

मंगळवार, ४

हिला दुकानातल्या स्टुलावर बसवलं. गाल ओढून धरायची प्लास्टिकचा चाप पार्सलने आला आहे, तो लावला की माणूस फार केविलवाणा दिसतो. दोन्ही दिवे लावले.

"अहो, फोनवरच काढायचाय," ही चाप काढून म्हणाली. "तसंच लिहिलंय त्यांनी."

"माझ्या दुकानातून तसला फोटो बाहेर जाणार नाही."

चांगल्या कॅमेऱ्यावर काढला, मग कॉम्प्युटरवर घेतला. पिवळ्या दिव्यामुळे हिरड्या लालभडक दिसत होत्या, कुणाला वाटावं की आग लागली आहे. लाली उतरवली. दातांवरचा चहाचा डागही जरा हलका केला. डॉक्टरबाईंसमोर आपली अब्रू असते.

"जसं आहे तसं जाऊ द्या ना," ही मागे उभी होती.

"तसंच तर आहे. फक्त नीट दिसतंय."

संध्याकाळपर्यंत रंग आला. हिरवा. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या आणि दुखण्यावरची गोळी. जीव भांड्यात पडला.

गुरुवार, ६

दुखणं थांबलेलं नाही. पुन्हा फोटो पाठवले. या वेळी समोरून चेहऱ्याचाही मागितला आहे, का ते कळलं नाही. हा तर माझ्या डाव्या हातचा मळ. पासपोर्टला काढतो तसा काढला: हनुवटी खाली, नजर इकडे, हलू नका. बायकोलाही मी कॅमेऱ्यामागून 'हलू नका' म्हणतो, सवयच आहे. पुढचं सगळंही हाताच्या सवयीने झालं. त्वचा साफ केली, डोळ्यांखालचं काळं काढलं, दोन्ही गाल सारखे केले. समोरून काढलेल्या फोटोत माणसाचा एक गाल नेहमीच जरा भरलेला वाटतो.

दुखणं तसंच आहे असं उत्तरात भरलं, म्हणून पिवळा आला. उद्या व्हिडिओवर बोलावलं आहे.

शुक्रवार, ७

डॉक्टरबाई तरुण आहेत, चटपटीत आहेत, आणि अजिबात उर्मट नाहीत. मी उगाच धास्तावलो होतो. हिला मी खिडकीच्या उजवीकडे बसवलं होतं, म्हणजे उजवा गाल कॅमेऱ्याकडे. ती हिची चांगली बाजू आहे. लग्नातले फोटो काढायला दुसरा माणूस होता, तरी नवरदेवाच्या खुर्चीतून मी त्याला हेच सांगत होतो.

ही पुटपुटत बोलत होती आणि तिकडे नीट ऐकू जात नव्हतं. म्हणून मीच उत्तरं दिली. ताप? नाही. (सकाळीच गोळी घेतली होती, अंग गार होतं.) जेवण? थोडं कमी. डॉक्टरबाईंनी हिला आपलीच बोटं उभी करून दातांमध्ये धरायला सांगितली. तोंड नीट उघडत असेल तर तीन बसतात. हिची दोन बसली, तीही डोळ्यांत पाणी येऊन.

"आता डावीकडून दाखवा."

मी हिला वळवलं आणि त्या बाजूने दिवा दिला, अंधारं दिसायला नको म्हणून.

"उजेड जरा जास्त होतोय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण ठीक आहे. दाढेवर हिरडीचं झाकण आहे, त्याखाली घाण अडकून जंतू वाढतात. पाच दिवसांचं औषध लिहून देते. रोज फोटो पाठवा. बाहेरून सूज आली, गिळायला त्रास झाला किंवा दोनाऐवजी एकच बोट बसायला लागलं, तर वाट बघू नका. लगेच कळवा."

"हो, हो," मी म्हणालो. बाई पक्क्या आहेत. समोर असत्या तरी याहून वेगळं काय केलं असतं?

रविवार, ९

घरात चिडीचूप. ही बोलत नाही. सकाळपासून 'हं' आणि 'उंहू' यापलीकडे शब्द नाही. काल मी हिच्या भावाच्या गाडीवरून काहीतरी बोललो होतो, त्याचा राग असेल. मऊ भात केला तर तोही चमच्याच्या टोकाने दोन घास घेऊन सरकवला. मीही मग तोंड फिरवून बसलो.

दुपारी खिडकीशी उभी होती. समोर शहराची गाडी भरत होती. दात न उघडता म्हणाली, "आपणच जाऊ या का? आपल्या पैशाने."

मी समजावलं. आजही हिरवा आला आहे, बाई रोज बघतायत, औषध चालू आहे. शहरात जाऊन कुठल्या तरी अनोळखी दवाखान्यात रांग लावायची, तो म्हणणार आधीचे कागद दाखवा, आणि त्या कागदांवर तर सगळं हिरवं. मग काय सांगणार? शिवाय विनारजा गैरहजेरी लागेल ती वेगळीच.

तिने मान हलवली. होकाराची का नकाराची ते मला कळलं नाही. गाडी निघून गेली तरी ती तिथेच उभी होती. मला तिथे थांबवेना, म्हणून सुट्टी असून खाली दुकानात येऊन बसलो.

सोमवार, १०

ही कामावर गेली. हिरव्या रंगावर रजा मिळत नाही. तिच्या साहेबाने म्हणे फोन उघडून तिलाच दाखवला, "हे बघा बाई, तुम्ही बऱ्या होताय."

दुपारी घड्याळजी डोळ्याला भिंग लावलेलेच माझ्या दारात आले.

"आज वहिनींचं काय बिनसलंय?"

"का?"

"अहो, ऐका तरी. नुसतं गावाचं नाव आणि फलाट. 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे' कुठे गेलं? आणि तोंडात कापूस धरून बोलल्यासारखं येतंय."

"कर्णा जुना झालाय," मी म्हणालो. खरं तर मी लक्ष देऊन ऐकलंच नव्हतं. इतक्या वर्षांत तो आवाज मला पंख्याच्या आवाजासारखा झाला आहे.

संध्याकाळी फोटोच्या वेळी भांडण झालं. ही तोंडच उघडेना. चाप आत जाईना. फोटोच्या बाबतीत हिला पहिल्यापासून उत्साह नाही, पण हे अतीच. "अगं, जरा सहकार्य कर," म्हणून मी चाप थोडा दाबला, तशी तिने तो ओढून काढून फेकला आणि तोंड झाकून रडायला लागली. मीही हबकलो. शेवटी जेवढं दिसलं तेवढं काढलं. मागचा भाग अंधारात होता, तो कॉम्प्युटरवर उजळून घेतला. चेहऱ्याचाही घेतला. रडून गाल सुजला होता, तो नेहमीसारखा नीट केला. रडवेला चेहरा काय पाठवायचा?

बुधवार, १२

हिरवा. आणि खाली डॉक्टरबाईंनी स्वतः लिहिलं आहे, 'फोटो उत्तम येत आहेत. सुधारणा दिसते.' मी वर जाऊन हिला मोठ्याने वाचून दाखवलं. इतक्या शिकलेल्या बाईने माझ्या कामाची दखल घेतली, मला बरं वाटलं, खोटं कशाला लिहू?

ही मोरीशी वाकून उभी होती. थुंकी गिळत नव्हती, थुंकत होती. माझं वाचून झाल्यावर जवळ आली, माझा हात धरला आणि स्वतःच्या जबड्याखाली ठेवला. तिथे टणक लागलं. गरमही लागलं. ती माझ्याकडे एकटक बघत होती, आणि तो हात कधी सोडवून घेतो असं मला झालं.

"गरम पाण्याच्या गुळण्या करतेस ना, त्याने असेल," मी म्हणालो.

पण मनात पाल चुकचुकली. बाईंनी लगेच कळवा म्हणून सांगितलं होतं. खाली आलो आणि कालचा फोटो उघडून मोठा करून बघितला. हिरड्या गुलाबी. गाल सारखे. फोटोत कुठे काही नाही. आपण उगाच घाबरतो. तरी उद्या बाईंना विचारून बघीन.

गुरुवार, १३

हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितो आहे. हिला आत नेलं आहे. हाताला काहीतरी काम हवं म्हणून लिहितो.

जेवणाच्या सुट्टीनंतर शहराच्या गाडीची घोषणा सुरू झाली. 'शहराकडे' एवढंच आलं. मग नुसता श्वास. माइक चालू होता आणि साऱ्या स्थानकावर, रस्त्यावर, माझ्या दुकानात तिचा श्वास ऐकू येत होता. घरघर. गिऱ्हाईक स्टुलावर बसलं होतं, त्याला मी 'हलू नका' म्हणालो होतो आणि मीच हललो नाही. घड्याळजी मात्र हातातलं काम टाकून रस्ता ओलांडून पळत सुटले.

तेवढ्यात माझा फोन वाजला. डॉक्टरबाई.

"आत्ताचा फोटो कोणी काढला?"

मी म्हणालो, आज अजून पाठवलाच नाही. त्यांनी माझ्या फोनवर तो पाठवला. मी बघितला. स्थानकाच्या स्वच्छतागृहातला आरसा, वरून ट्यूबलाइटचा पांढरा उजेड, तिरका, हललेला, कोपऱ्यात तिचंच बोट. इतका वाईट फोटो! माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते लिहितो, कारण लिहायलाच हवं. मला वाटलं, माझ्या नावावर हा असला फोटो कसा गेला?

"काका, ऐकताय ना? हे लाल आहे. यापलीकडे रंग नाही माझ्याकडे. सूज गळ्यात उतरतेय, श्वास अडकेल. शहराकडे सगळ्यात लवकर काय निघतंय?"

"गाडी. समोरच उभी आहे."

"बसा त्यात. रुग्णवाहिका तिकडे येऊन परत जाईपर्यंत वेळ जाईल. मी ती अर्ध्या वाटेवर पाठवते. त्यांना आडवं करू नका. काही झालं तरी आडवं करायचं नाही. बसवून ठेवा, पुढे झुकवून. आणि फोन बंद करू नका."

घड्याळजी आणि वाहक हिला दोन बाजूंनी धरून आणत होते. मी समोरून बघितलं. भर उन्हात, सरळ समोरून, दोन्ही बाजू एकदम. डावा गाल, जबडा, गळा, सगळं एक झालं होतं. हे एका दिवसात झालं, असंच मी स्वतःला सांगत होतो.

गाडी फलाटावरून सुटली तेव्हा तिची घोषणा झाली नाही, कारण करणारी आत माझ्या शेजारी होती. तिने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की अजून वळ आहेत. श्वास घ्यायची, थांबायची, पुन्हा घ्यायची. तिच्या प्रत्येक श्वासाबरोबर मी श्वास घेत होतो. खिडकी उघडी असूनही मला डब्यात कोंडल्यासारखं वाटत होतं. एवढी मोठी बाई, आणि तिच्यात हवा जायला इतकीशी जागा.

रुग्णवाहिका टोलनाक्याजवळ भेटली.

शुक्रवार, १४

ही आहे. घशात नळी आहे, गळ्याच्या खाली चिरा देऊन पू काढला, दाढ काढली. इथले सर्जन म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर बोलायला काही उरलं नसतं. मी त्यांचे पाय धरायला गेलो, ते मागे सरकले.

दुपारी डॉक्टरबाईंचा फोन आला. आधी तब्येत विचारली. मग म्हणाल्या,

"एक विचारू? बुधवारी मी बघितलेल्या फोटोत काहीच नव्हतं. आणि काल हे. असं रात्रीतून होत नाही. तुम्ही फोटोंना काही करत होता का?"

"नाही हो. काही नाही. नेहमीचंच."

"नेहमीचं म्हणजे?"

मी सांगायला लागलो. लाली उतरवतो. उजेड वाढवतो. गाल... आणि मला पुढे बोलता येईना.

मग त्या म्हणाल्या, "मी फोटो बघत बसले. त्या बोलल्या का नाहीत, हे मीही विचारलं नाही. खुर्चीवर असत्या तर पहिला हात जबड्याखालीच गेला असता."

तो हात माझा गेला होता. तिने स्वतः धरून नेला होता. हे मी बाईंना सांगितलं नाही. इथे लिहितो आहे.

सोमवार, १७

कपडे न्यायला घरी आलो. दुकान उघडलं नाही, शटर अर्धं वर करून आत शिरलो आणि कॉम्प्युटर लावला. मूळ फोटो मी कधी पुसत नाही, गिऱ्हाईक परत येतं. तिचे सगळे तिथे होते. एकेक मूळ डावीकडे लावला आणि पाठवलेला उजवीकडे.

मंगळवारी हिरडी लाल. गुरुवारी गाल वर आलेला. सोमवारी डोळे. सुजेचं सोडा, त्या डोळ्यांकडे कुणीही बघितलं असतं तर कळलं असतं. ती चापाच्या आडून माझ्याकडे बघते आहे आणि मी कॅमेऱ्यातून तिच्याकडे बघतो आहे, आणि मी काय केलं, तर त्या डोळ्यांखालचं काळं काढलं.

तिला दुखत होतं, ते तिने दाखवलं, आणि मी ते रोज संध्याकाळी बसून पुसलं. प्रेमाने पुसलं. हे जास्त वाईट आहे की कमी, मला ठरवता येत नाही. मला माझी लाज वाटते. आयुष्यभर लोकांचे चेहरे बघण्यात गेलं असं मी ऐटीत सांगत आलो.

बाहेर कर्ण्यावर कोणीतरी दुसरी बाई बोलत होती. स्पष्ट, सुरेख, प्रत्येक शब्द सुटा. मला तो आवाज सहन होईना. घड्याळजी शटरखाली वाकून म्हणाले, "वहिनी कशा आहेत?" मी म्हणालो, "बोलत नाहीत अजून." ते तिथेच पायरीवर बसून राहिले, मी बाहेर येईपर्यंत.

बुधवार, २६

ही परवा घरी आली. आवाज बसलेला आहे, पण तोंड उघडतं. पहिल्या दिवशी मी भीतभीत म्हणालो, "रागावलीस?" ती म्हणाली, "भूक लागलीय." दोन वाट्या मऊ भात खाल्ला. रागाचं उत्तर दिलं नाही, आणि मी पुन्हा विचारलं नाही.

जखम भरते का ते बघायला डॉक्टरबाईंना रोज फोटो हवा आहे. पुन्हा फोनच. शहराची खेप रोज कुठे झेपते? बाईंनी एक नवीन अट घातली आहे, रोज एक मिनिट पेशंटने स्वतः बोलायचं, घरच्यांनी नाही. ते ऐकताना ही माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसली. तिरकं हसू. डावी बाजू अजून उठत नाही.

संध्याकाळी मी सवयीने स्टूल पुढे ओढलं आणि हात पुढे केला. तिने फोन दिला नाही. माझ्या हातात टेबलावरचा दिवा दिला.

"इकडून धरा. जवळ नको. हं. हलू नका."

मी हललो नाही. गळ्याखाली लाल, ओबडधोबड, टाक्यांची रेघ. तिने हात लांब करून फोन तिरका धरला, मान वर केली, आणि नजर कुठे तर छताकडे. हनुवटी खाली घे, असं तोंडात आलं होतं. गिळलं.

तिने फोटो मला दाखवला. हललेला होता. अर्ध्या भागावर दिव्याचा पांढरा डाग, आणि कोपऱ्यात अंगठा.

"कसा आलाय?"

"वाईट," मी म्हणालो.

"असू दे," ही म्हणाली, आणि पाठवून दिला.